तुकडा कुठे गेला?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीनं एक जाहिरात टाकली. 'तीळ, मस, चामखीळ दहा मिनिटांत गायब! टाके नाहीत, डाग नाही.' तिचं लग्न ठरलंय आणि हनुवटीखालचा काळा तीळ फोटोत दिसतो, म्हणून तो तिला नकोय. मी लिहिलं, "काढ की. पण जाळून घेऊ नकोस, कापून घे, आणि निघालेला तुकडा माझ्याकडे पाठव."

झालं! पाच मिनिटांत मामेभावाचं उत्तर: "तायडे, लग्नघरात कॅन्सरचं नाव कशाला काढतेस? तुम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना सगळीकडे गिऱ्हाईकच दिसतं." त्याखाली सात हसरे चेहरे. त्यातला एक माझ्या सख्ख्या आईचा.

ग्रुपवर भांडायला जागा पुरत नाही, म्हणून इथे लिहितेय. हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक त्या ग्रुपवर आहेतच, उरलेल्यांनी आमच्या घरचं भांडण समजून वाचावं.

माझं म्हणणं एवढंच आहे. शरीरातून कापून काढलेली काळी, वाढणारी, चिघळणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही वस्तू कचऱ्याच्या बादलीत जाता कामा नये. (मानेवरच्या बारीक लोंबत्या चामखिळींच्या माळेबद्दल मी भांडणार नाही.) आणि जी वस्तू काय आहे ते माहीत नाही, ती लेझरनं किंवा कॉटरीनं जाळून टाकणं हा पुरावा जाळण्याचाच प्रकार आहे. राखेचं निदान मला करता येत नाही. कुणालाच येत नाही.

पॅथॉलॉजी म्हटलं की लोकांना साखर आणि हिमोग्लोबिन आठवतं. माझं काम वेगळं. तुकडा फॉर्मेलिनमध्ये येतो. मी तो मोजते, कडांना शाई लावते, चिरते. मग रात्रभर तो रसायनांतून फिरतो, मेणाच्या ठोकळ्यात बसतो, आणि त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे निघतात. ते गुलाबी-जांभळे रंगवले की वाचायचं. पेशी खाली जाताना लहान आणि शांत होत गेल्या आहेत का, की तळाशीही तितक्याच मोठ्या आणि विभागत असलेल्या आहेत? दोन्ही बाजू सारख्या आहेत का? एकट्यादुकट्या पेशी वरच्या थरात चढत आहेत का? आणि मेलानोमा निघालाच, तर किती खोल?

ही खोली म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा आकडा. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली दाखवलं की त्वचेच्या वरच्या कणीदार थरापासून सर्वात खोल पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं, की रोग्याचं पुढे काय होणार याचा बराच अंदाज येतो. साधी मोजपट्टी! आज इतकी यंत्रं आली, तरी ती मोजपट्टी गेलेली नाही. 1 मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची 1 सेंटिमीटर कातडी काढतात, 2 च्या वर असेल तर 2 सेंटिमीटर. जांघेतली किंवा काखेतली पहिली गाठ तपासायची की नाही, तेही बरंचसं याच आकड्यावर ठरतं. दहा मिनिटांत गायब केलेल्या तिळाची खोली कुणी मोजायची?

"पण हे गोऱ्यांचे आजार," असं मामेभावानं नंतर फोनवर सांगितलं. अर्धं खरं आहे. आपल्याकडे मेलानोमा कमीच. पण जो होतो, त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात, नखं आणि तोंडासारख्या आतल्या ओल्या त्वचेवरचा असतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही आणि सावळ्या रंगाचं संरक्षणही नाही. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली जे झालं ते फुटबॉलची दुखापत समजलं गेलं. 1977 मध्ये निदान झालं, अंगठा कापायला तो नाही म्हणाला, 1981 च्या मे महिन्यात गेला. वय 36.

बॉब मार्ली राहू दे. माझी मावशी घ्या. (मावसबहिणीला विचारूनच लिहितेय.)

2010 च्या दिवाळीत मावशीचा फोन आला. "अगं, टाचेला कुरूप झालंय, चालताना टोचतं." मी हातातलं काम न सोडता म्हटलं, "कॉर्न-कॅप लाव गं मावशी, जाईल." जी बाई रोज दुसऱ्यांच्या कातडीचे तुकडे डोळ्यांत तेल घालून बघते, तिनं स्वतःच्या मावशीला पाय दाखवायलासुद्धा सांगितलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी ते कुरूप कापलं. तीन महिन्यांनी पुन्हा आलं, पुन्हा कापलं. दोन्ही वेळा तुकडा बादलीत. ते काळंही नव्हतं, लालसर मांसासारखं होतं. मेलानोमा बिनरंगाचाही असतो आणि तळपायावर तो कुरूप, जखम, बुरशी अशी कुठलीही सोंगं घेतो, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

तिसऱ्यांदा, 2012 मध्ये, जांघेत गाठ लागली तेव्हा कुणाला तरी सुचलं की तुकडा पाठवू या. तो माझ्याच टेबलावर आला. फॉर्मेलिनऐवजी स्पिरिटमध्ये, सोबत चिठ्ठी: 'कुरूप, डावी टाच.' आधी दोनदा कापल्याचा उल्लेख नाही. रोग्याचं नाव वाचून मी खुर्चीत बसले. एस-100 आणि एचएमबी-45 हे रंग लावले, दोन्ही पेटले. खोली 5 मिलिमीटरच्या वर, वरून व्रण. पहिल्या वेळी ती किती असती? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पहिला तुकडा नाही. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असता. ते 'कदाचित' मला आयुष्यभर पुरणार आहे. मावशी पुढच्या वर्षी गेली.

असो.

मामेभावाचा पुढचा मुद्दा मात्र हुशार होता. कुठूनतरी वाचून आला होता. "तुमच्यातच एकमत नसतं म्हणे?" बरोबर आहे. 2017 साली अमेरिकेतल्या 187 पॅथॉलॉजिस्टांना असे 240 नमुने वाटून वाचायला दिले. अगदी साध्या तिळांच्या बाबतीत 92 टक्के उत्तरं तज्ज्ञांच्या निकालाशी जुळली, उघड खोल मेलानोमात 72. पण मधल्या धूसर पट्ट्यात, म्हणजे मध्यम बिघडलेल्या तिळापासून सुरुवातीच्या मेलानोमापर्यंत, निम्मीसुद्धा जुळली नाहीत. आम्ही देव नाही, आणि जो पॅथॉलॉजिस्ट तसं भासवतो त्याच्यापासून लांब राहा.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? तपासूच नका? मला तर उलटंच दिसतं. मतभेद होणार म्हणूनच तुकडा हवा. मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या, तिसऱ्या डोळ्यांना दाखवता येतो. त्यावर प्रेम नावाच्या प्रथिनाचा रंग लावता येतो (नाव गोड आहे, काय करणार), तो बहुतेक मेलानोमांत पसरून लागतो आणि बहुतेक साध्या तिळांत लागत नाही. ब्राफ जनुकातला बदल त्याच ठोकळ्यात शोधता येतो, आणि तो सापडला तर त्यावर गोळ्या आहेत. सोफी स्पिट्झ यांनी 1948 साली लहान मुलांतल्या 'मेलानोमा'वर निबंध लिहिला. नंतर उलगडलं की त्या गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात. आज त्या तिळाला त्यांचंच नाव आहे. चूक उमगली ती काचपट्ट्या जपल्या होत्या आणि मुलांचं पुढे काय झालं ते पाहिलं गेलं म्हणून. बादलीत टाकलेल्या तुकड्याची चूकसुद्धा कधी कळत नाही.

"कॅन्सरला सुरी लागली की पसरतो," हे आईचं. आई, तपासणीपुरता छोटा तुकडा घेतल्यानं मेलानोमाचे रोगी लवकर दगावतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न कळता दोन-दोनदा कापून फेकून दिल्यानं काय होतं, ते आपण घरात पाहिलंय.

आता थोडं माझ्या व्यवसायबंधूंना. 'स्किन लेजन, रूल आउट मॅलिग्नन्सी' एवढ्या चार शब्दांत मी काय वाचू? वय, जागा, किती दिवसांपासून, आधी कापलं का, हे लिहायला एक मिनिट लागतं. एकदा अर्धवट काढलेला साधा तीळ पुन्हा उगवतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलानोमासारखा दिसू शकतो. आधीचं माहीत नसेल तर मी एखाद्या धडधाकट माणसाला कॅन्सर चिकटवीन. याच मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकरांनी कंबरेवरच्या कॅन्सरचा संबंध धोतराशी जोडला. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घट्ट आवळलेलं कापड, तिथे आधी काळवंडलेली, खरबरीत कातडी, मग व्रण, मग काहींना कॅन्सर. 1945 साली ते छापून आलं. परकराच्या नाडीखालीही तेच होतं. हे नुसत्या काचपट्टीवर दिसत नाही. माणूस काय नेसतो आणि कुठे बांधतो, हे कुणीतरी विचारावं लागतं.

आणि पैशांचं बोलायचं तर लग्नाच्या मेंदीवाल्या बाईची बिदागी माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त आहे. मी चौकशी केली.

भाचीचा रात्री वेगळा मेसेज आला. जाहिरातवाल्यांना तिनं विचारलं, "तुकडा मिळेल का?" तर ते हसले म्हणे. आता तिनं एका सर्जनची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. बहुधा साधा तीळच निघेल. निघू दे. बरणी फॉर्मेलिन भरून मी देणार आहे, चिठ्ठी भाची लिहून आणणार आहे, आणि ती माझ्यापर्यंत पोचवायचं काम मामेभावाचं. तो हो म्हणालाय. सांडू नकोस म्हणावं, फार वास येतो त्याला.