गाळलेले गाणे

शाळेच्या वार्षिकांकात परदेशी गायकांविषयी लिहावे काय, असा प्रश्न कोणी करील, तर आमचे उत्तर एवढेच की, ज्या दोघांविषयी आम्ही लिहिणार आहोत त्यांची गाठ शाळेच्या नाटकातच पडली. न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका शाळेत १९५३ साली ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चा प्रयोग बसविला होता. त्यात पॉल सायमन ससा झाला होता आणि आर्ट गारफंकेल मांजर. दोघेही अकरा वर्षांचे. पुढे ही मुले समोरासमोर, अगदी जवळ बसून, एकमेकांच्या ओठांची हालचाल निरखीत गाण्याचा सराव करू लागली. शब्दाचे शेवटचे व्यंजनही दोघांच्या तोंडून एकाच क्षणी बाहेर पडावे, हा त्यांचा हट्ट. सोळाव्या वर्षी, १९५७ साली, ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांची तबकडी निघाली आणि बऱ्यापैकी खपलीही. त्यानंतर सायमनने मित्राला न सांगता स्वतःची स्वतंत्र तबकडी काढली. हा घाव गारफंकेलच्या मनात पुष्कळ वर्षे राहिला. कीर्ती पुढे आली, पण भांडणाचे बी मात्र शाळेच्या वयातच पडले होते.

आमच्या घरी ही नावे आली ती मामांमुळे. मामा तेव्हा बोटीवर नोकरीस होते, म्हणजे आमच्या कोंकणीत तारवटी. १९८२ साली प्रसिद्ध झालेली, सेंट्रल पार्कमधील मैफलीची दुहेरी ध्वनिमुद्रिका त्यांनी एका बंदरात विकत घेतली आणि कापडात गुंडाळून घरी आणली. आम्ही जन्मलो त्याआधीची ही गोष्ट. पण दर चतुर्थीला आजोळी गेलो म्हणजे आरत्या, फुगड्या, जेवणे आटोपल्यावर दुपारी ती तबकडी लागायचीच. मामांना तिच्यातील टाळ्या कोठे सुरू होतात आणि कोठे थांबतात हेदेखील पाठ होते. शेजारचे एक ख्रिस्ती गृहस्थ चर्चमध्ये व्हायोलिन वाजवितात. तेही त्या वेळी येऊन बसत. दोन स्वर एकाच वेळी एकमेकांस न सोडता कसे चालतात हे आम्हांला प्रथम त्यांनी समजावून दिले. आपल्या जुगलबंदीत एक गवई थांबतो तेव्हा दुसरा बोलतो. इकडे मांडोमध्ये मात्र एक आवाज वर, एक खाली राहून दोन्ही बरोबरच पुढे जातात. “हे दोघे अमेरिकेत मांडोच गातात,” असे ते थट्टेने म्हणत.

आता त्या मैफलीची हकीकत. १९७० साली ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ही ध्वनिमुद्रिका जगभर गाजत असतानाच ही जोडी फुटली. गारफंकेल चित्रपटात काम करण्यासाठी महिनोन्‌महिने दूर राहिले, त्याच चित्रपटातील सायमन यांची भूमिका कापली गेली, हे एक निमित्त. पण खरे शल्य आणखी खोल होते. ते प्रसिद्ध गाणे सायमन यांनी रचले आणि गारफंकेल एकटे गात. टाळ्यांचा कडकडाट होई तेव्हा रचणारा पडद्याआड उभा असे. त्या वेळी आपल्याला कसे वाटे हे सायमन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. अकरा वर्षांनंतर, १९ सप्टेंबर १९८१ रोजी, दोघे पुन्हा एका व्यासपीठावर आले. न्यू यॉर्क नगरीची आर्थिक स्थिती त्या काळात ढासळलेली होती, उद्यानाची दुर्दशा झाली होती, आणि त्या उद्यानाच्या साहाय्यार्थ ही मैफल होती. प्रवेश मुक्त होता. पाच लाख लोक जमले असा अंदाज सांगितला जातो. मामा हा आकडा स्वतः मोजल्याप्रमाणे सांगत.

(विद्यार्थिमित्रांनो, ज्यांना त्या दिवशी सारे ‘जुने जाणते’ म्हणत होते, त्या दोघांचे वय तेव्हा एकोणचाळीस होते. आम्हांलाही ते वय आता फार लांब नाही.)

दोन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला आमच्या मामेभावाने या मैफलीचे चित्रण मोबाइलवर लावले, आणि निम्म्यावर गेल्यावर मामा एकदम सरसावून बसले. पडद्यावर सायमन एकटे गिटार घेऊन एक गाणे गात होते आणि ते मामांच्या ओळखीचे नव्हते. चाळीस वर्षे जी मैफल पाठ होती तिच्यात अनोळखी गाणे! मामांनी उठून तबकडीचे वेष्टन आणले, चष्मा लावून यादी दोनदा वाचली, आणि म्हणाले, “तें गीत खंय गेलें?”

ते गाणे म्हणजे ‘द लेट ग्रेट जॉनी एस’. जॉनी एस हा गायक १९५४ च्या नाताळच्या दिवशी पिस्तुलाशी खेळताना स्वतःच्याच हातून मेला. त्याच्यापासून आरंभ करून गाणे बीटल्सच्या जॉन लेननपर्यंत येते. लेनन यांची हत्या ८ डिसेंबर १९८० रोजी, याच उद्यानाच्या पश्चिम कडेला असलेल्या त्यांच्या राहत्या इमारतीच्या दाराशी झाली होती. नऊ महिनेच लोटले होते. सायमन त्या मृत्यूचे गाणे गात असताना गर्दीतून एक मनुष्य थेट व्यासपीठावर चढला आणि ‘मला तुमच्याशी बोलायचे आहे’ अशा अर्थाचे काही ओरडत त्यांच्याकडे धावला. सायमन मागे सरले. रक्षकांनी त्या मनुष्यास ओढून नेले. आणि सायमन यांनी गाणे पुढे चालू ठेवून पुरे केले. चित्रणात हे सारे दिसते; ध्वनिमुद्रिकेत ते गाणेच नाही. तिच्यात एक गाणे संपते आणि लगेच पुढचे सुरू होते, मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने.

त्या दुपारी जो वाद झाला तो आम्ही विसरणार नाही. मामेभावाचे म्हणणे असे की, गाळले ते योग्यच केले. “बाबा, रेकॉर्ड गाणे ऐकण्यासाठी असते, पंचनामा वाचण्यासाठी नव्हे.” व्हायोलिनवाल्या गृहस्थांची तक्रार निराळीच निघाली. त्यांना या मैफलीतील वाद्यवृंदच कधी मानवला नव्हता. दोन आवाज आणि एक गिटार यांवर जे उभे राहिले त्याच्यामागे अकरा वादक कशाला? गारफंकेल यांचीही इच्छा दोघांनी व एका गिटारीने भागवावे अशीच होती, हे सांगितल्यावर त्यांना फारच आनंद झाला. मामा मात्र रागावले होते, आणि त्यांचा राग आम्हांला समजत होता. आपण जिला साक्षात ती संध्याकाळ समजून जपले, तिच्यातील सर्वांत कठीण तीन-चार मिनिटे आपल्याला कोणी दिलीच नव्हती, हे त्यांना वयाच्या सत्तरीत कळत होते.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या चाहत्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी असे आम्ही तेव्हाही म्हटले. या जोडीची कीर्तीच मुळी फेरफार केलेल्या मुद्रणावर उभी आहे. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ १९६४ साली नुसत्या गिटारीवर प्रसिद्ध झाले तेव्हा कोणी विचारले नाही. निराश होऊन दोघे पांगलेही होते. १९६५ साली निर्माते टॉम विल्सन यांनी त्यांना न विचारता त्याच गाण्यावर विजेची गिटार आणि ढोल चढविले, आणि १९६६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा मुद्रणास हात लावणे हेच पाप, असे आम्ही म्हणणार नाही. आवाज जुन्यासारखा लागला नाही ही तक्रारही आम्हांला क्षुद्र वाटते. गारफंकेल स्वतःच त्या रात्रीच्या आपल्या गाण्यावर नाराज होते; पण अकरा वर्षांनी मनुष्य त्याच गळ्याने गातो असे मानणाऱ्यांनी कपाटातील जुनीच तबकडी ऐकावी. ‘द बॉक्सर’मध्ये त्या दिवशी मूळ ध्वनिमुद्रिकेत नसलेले एक कडवे गायिले गेले, वर्षे सरत जाण्याविषयीचे. आम्हांला ते गाणे त्या कडव्यासहच ऐकावेसे वाटते.

आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. मोडलेल्या मैत्रीचे पुनर्मीलन पाहण्यास आपण जातो तेव्हा ते निर्विघ्न असावे अशी आपली इच्छा असते, आणि ध्वनिमुद्रिका ती इच्छा पुरविते. परंतु त्या संध्याकाळी निर्विघ्न काय होते? पुढील दोन वर्षे दोघांनी देशोदेशी एकत्र गायन केले. एक नवी ध्वनिमुद्रिका दोघांच्या नावे निघायची होती. शेवटी ती ‘हार्ट्स अँड बोन्स’ म्हणून १९८३ साली एकट्या सायमन यांच्या नावे निघाली आणि गारफंकेल यांनी गाऊन ठेवलेला आवाज तीतून पुसून टाकण्यात आला. पार्कात गाळलेले ते गाणे याच ध्वनिमुद्रिकेत आले, म्हणजे गाणे परत मिळाले आणि मित्राचा आवाज गेला. ज्याने एक रात्र एकत्र गाऊन पाच लाखांना रडविले त्याला एक तबकडी एकत्र पुरी करता आली नाही. हे ठाऊक असलेल्यास त्या मैफलीतील प्रत्येक जुळलेला स्वर दुप्पट मोलाचा वाटतो. न ठाऊक असलेल्यास ती केवळ एक सुरेल संध्याकाळ.

दोघे त्यानंतरही अनेकदा एकत्र आले आणि दुरावले. २००३ च्या दौऱ्यात त्यांनी एव्हर्ली बंधूंना पाहुणे म्हणून बरोबर घेतले होते, ज्यांचे गाणे पार्कातही गायिले होते. तेही सख्खे भाऊ असून १९७३ पासून दहा वर्षे एकमेकांस सोडून राहिलेले. २०१० साली गारफंकेल यांचा आवाज स्वरतंतूंच्या विकाराने व्यासपीठावरच अडू लागला. सायमन यांची डाव्या कानाची श्रवणशक्ती बहुतेक गेल्याचे २०२३ साली त्यांनी सांगितले. एकाचा गळा गेला, एकाचा कान. २०२४ साली दोघे एकत्र जेवले आणि डोळ्यांत पाणी आले, असे गारफंकेल सांगतात.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या शाळेत गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. त्यात एका जुन्या तुकडीचे दोन गृहस्थ, जे विद्यार्थी असताना स्नेहसंमेलनांत बरोबर गात आणि पुढे कुळागराच्या हद्दीवरून कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, शेजारी बसून एक नाट्यपद गायिले. अंतऱ्यात एकाचा आवाज अडला. कंठ दाटला की शब्द विसरले, सांगता येणार नाही. पेटी व तबला चालूच राहिले, सभागृह स्तब्ध झाले, आणि मग दुसऱ्याने त्यांच्याकडे न पाहता त्यांची ओळ उचलली. दहावीच्या मुलांनी या मेळाव्याचे मुद्रण मोठ्या मेहनतीने तयार केले आहे. त्यात तो भाग नाही. पद आता अखंड ऐकू येते. मुलांनी आदरापोटीच तसे केले, हे आम्ही जाणतो. मामेभावाचे म्हणणेही हेच होते.

मूळ मुद्रण अद्याप पुसलेले नाही. ते जसेच्या तसे शाळेच्या वाचनालयात ठेवावे, अशी लेखी विनंती आम्ही मुख्याध्यापकांकडे केली आहे. त्यांनी विचारले, ज्यांचा आवाज अडला त्यांना हे चालेल का? प्रश्न रास्त आहे, आणि आमच्यापाशी उत्तर नाही. येत्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांकडे जाणार आहोत. ध्वनिमुद्रण बरोबर नेणार आहोत, दोन्ही प्रती.