आधी सायलेन्सर उचला!

परवा भोरच्या पुढे एका कच्च्या वाटेवर दगडावरून उतरताना माझ्या जुन्या जीपखालून 'खर्रर्र' असा आवाज आला. वाकून बघतो तर सायलेन्सरचा पाइप चेपलेला. मित्रांचा सल्ला ठरलेला: "लिफ्ट किट लाव!"

मला नाही पटत. गाडी उचलली की गुरुत्वमध्यही वर जातो, आडव्या उतारावर कलंडायची भीती वाढते. आणि अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही, त्याला मोठे टायरच लागतात. मग पोटाखाली जे लोंबतंय तेच आधी वर घ्या ना! पाइप क्रॉसमेंबरच्या वरून, चासीच्या आतून नेला की बरंच काम होतं.

पण घाई नको. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, डिझेलच्या नळीला लागून सरळ बसतोय." मी हातच जोडले! तापलेला पाइप इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांपासून लांबच हवा, मधे पत्र्याचा आडोसा हवा. इंजिन हलतं, म्हणून टांगायला रबरच हवं. बीएस-६ गाडीचा कॅटलिटिक कन्व्हर्टर जागेसाठी कापू नका. आणि धुराचं तोंड केबिनखाली सोडू नका, पार बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हो.

पाइप पुन्हा चेपला तर बदलता येईल. बाकीचं नाही.