जुगाड म्हणू नका

वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत मी रिमोटची गाडी दगडांवरून चढवत असतो, तेव्हा येणारेजाणारे दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं, "एवढ्या पैशांत सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आली असती." याचा मला राग येत नाही. हिशेब फारसा चुकीचा नाही.

राग येतो दुसऱ्या वाक्याचा. ते बोलणारी माणसं मनापासून कौतुक करत असतात. गाडी हातात घेऊन उलटी करतात, खालचं पितळ बघतात, हातानं सोल्डर केलेल्या वायरी बघतात आणि म्हणतात, "वा! काय जुगाड केलाय!"

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याच्या विरोधात आहे.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण बहुतेकांना रिमोटची गाडी म्हटलं की सुसाट पळणारं खेळणं आठवतं. माझी गाडी रॉक क्रॉलर आहे. खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची, तीन किलोच्या आसपास वजनाची, आणि वेग माणसाच्या चालण्यापेक्षाही कमी. कातळ चढायचा, दोन दगडांच्या फटीतून वाट काढायची, उलटायचं नाही, एवढंच तिचं काम. स्पर्धाही असतात, पण त्यात फाटकाला धक्का लागला की दंड, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी मागे घेतली तरी दंड. दोन्ही अ‍ॅक्सलचे डिफरन्शियल लॉक केलेले असतात, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी बाकीची ओढत राहतात.

हा खेळ कंपन्यांनी शोधलेला नाही. तामिया कंपनीनं १९८७ साली क्लॉड बस्टर नावाचा मॉन्स्टर ट्रक काढला. त्याच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर होती. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी असल्या गाड्या कापल्या, लांब केल्या, वजन खाली आणलं आणि दगडांवर नेल्या. अ‍ॅक्सियलची एससीएक्स-१० ही गाडी २००९ची आणि ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ ही २०१७ची. तोवर घरच्या टेबलांवर बरंच काही मोजून, मोडून झालं होतं.

आणि तरीही आज या छंदात शिरणाऱ्याला दोनच रस्ते दाखवले जातात. एक दुकानाचा, दुसरा जुगाडाचा. मी दोन्हीवरून जाऊन आलोय.

दुकानाचा रस्ता असा. तयार गाडी घ्यायची, मग एकेक 'अपग्रेड' मागवायचं. मी अ‍ॅल्युमिनियमचे भाग घेतले, कारण चमकतात. छतावर रॅक घेतला, रॅकवर छोटे दिवे, इवलेसे पेट्रोलचे डबे, एक चिमुकलं फावडं. फोटो सुंदर आले. खाणीतल्या ज्या दगडावर गाडी आधी निदान अर्ध्यापर्यंत जायची, तिथे आता ती पहिल्या वळणालाच कलंडायला लागली.

मग जुगाडाचा रस्ता. टायरच्या दुकानातून चाक बॅलन्स करायची शिशाची वजनं आणली आणि जागा दिसेल तिथे चिकटवली. गाडी जड झाली, मोटर तापायला लागली, कलंडणं तसंच राहिलं.

दोन्ही रस्त्यांत मी एक गोष्ट केली नव्हती. काहीही मोजलं नव्हतं.

मोजायला फार काही लागत नाही. एक फळी, आणि तुमच्या फोनमध्ये असतंच ते कोन दाखवणारं अ‍ॅप. गाडी फळीवर आडवी ठेवायची, फळीची एक बाजू हळूहळू उचलायची, वरची चाकं सुटतात तो कोन लिहून घ्यायचा. माझी गाडी रॅकसकट ४१ अंशांना कलंडली. दोन चाकांमधलं अंतर २०० मिलिमीटर, त्याचं अर्धं १००. शंभर भागिले टॅन ४१, म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ११५ मिलिमीटरवर. स्प्रिंग दबतात, टायर चेपतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच आहे. पण दहावीची त्रिकोणमिती आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी उपयोगी पडली होती.

रॅक, दिवे, डबे, फावडं काढून किचनच्या काट्यावर ठेवलं. २३० ग्रॅम. पुन्हा फळी. ४४ अंश. पैसे देऊन विकत घेतलेले तीन अंश मी फुकटात परत मिळवले.

मग पुढची चाकं काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. वजनाचा ५१ टक्के भाग पुढे होता. बॅटरी मागच्या उंच खणातून काढून पुढे खाली आणली. शॉकच्या आत स्पेसर घालून गाडी १२ मिलिमीटर खाली बसवली. पुढच्या चाकांच्या आत पितळी रिंगा घातल्या. त्यांची गोष्ट पुढे येते. सगळं झाल्यावर आडवा कोन ४८ अंश झाला आणि पुढचं वजन ५७ टक्के. अ‍ॅक्सलमधलं अंतर ३१३ मिलिमीटर धरून गणित केलं, तर चढावर मागे उलटायचा कोन ५७ अंशांवरून ६३वर गेला. उतारावर पुढे उलटायचा कोन मात्र होता तिथेच राहिला, ५६च्या आसपास.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त आवडतो. "वजन पुढे टाक" हा सल्ला सगळे देतात. नुसतं वजन पुढे टाकलं असतं आणि गाडी खाली घेतली नसती, तर उतारावरचे चार अंश गेले असते. चढावर मी खूश झालो असतो आणि उतारावर गाडी का पालथी होते म्हणून नवीन काहीतरी विकत घेतलं असतं.

दुसरं उदाहरण विजेचं. दगडाच्या फटीत पुढचं चाक अडकलं, मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की गाडी मरायची. दोन सेकंदांनी आपोआप जिवंत व्हायची. सगळ्यांनी सांगितलं, सर्व्हो कमजोर आहे, मोठा घे. घेतला. गाडी आणखी वेळा मरायला लागली. शेवटी रिसीव्हरच्या वायरींना मल्टिमीटर लावला आणि चाक हातानं दाबून धरलं. सहा व्होल्ट असायला हवे होते, काटा चारच्या खाली. म्हणजे अडकलेला सर्व्हो इतका करंट ओढत होता की रिसीव्हरला उपाशी राहावं लागत होतं. मोठा सर्व्हो आणखी ओढत होता. उपाय होता सर्व्होसाठी वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून देणारी चिमूटभर आकाराची पट्टी. तपकीर गल्लीत हिंडताना मल्टिमीटर मी कॉलेजात असतानाच घेतला होता. तो चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता.

आता पितळी रिंगांची गोष्ट. चाकाच्या आत बसेल असं वजन हवं होतं, कारण तिथे टाकलेलं वजन सगळ्यात खाली राहतं. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या लेथवर गेलो. पुठ्ठ्याचा एक गोल कापून नेला होता. लेथवरच्या काकांना म्हटलं, "काका, असं काहीतरी जुगाड करून द्या ना."

काकांनी मशीन बंद केलं. पुठ्ठा हातातही घेतला नाही. "जुगाड पाहिजे तर बाहेर बघ. हितं माप लागतं. बाहेरचा व्यास किती? आतला किती? सरकता बसवायचाय की ठोकून?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हर्निअर घेऊन, वहीत आकृती काढून गेलो. बाहेरून ४०, आतून २६, रुंदी १०. काकांनी आकृतीत माझी एक चूक दाखवली, स्टिअरिंग फिरल्यावर रिंग कुठे घासेल ते सांगितलं आणि एका कडेला उतार द्यायला लावला. रिंगा झाल्यावर काट्यावर एकेक ६२ ग्रॅम भरली. पितळ घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅम धरून मी केलेल्या गणिताशी ते जुळलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "जुळणारच."

तेव्हापासून मी हा शब्द वापरणं सोडलं. कारण माझ्या लक्षात आलं की जो माणूस काम करतो तो स्वतःच्या कामाला क्वचितच जुगाड म्हणतो. बघणारा म्हणतो. ज्याला आतलं काही कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही, तो म्हणतो. पंजाब-हरियाणात पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन गाड्यावर बसवून माणसं आणि माल वाहतात, त्या वाहनालाच जुगाड म्हणतात. पण ते बनवणाऱ्याला पुलीचा व्यास चुकवून चालत नाही. चुकला तर गाडा भरल्यावर हलत नाही. त्यानं हिशेब केलेला असतो, कागदावर नसेल, पण केलेला असतो. आपण त्याच्या हिशेबाला 'देशी अक्कल' म्हणून टाळ्या वाजवतो आणि हिशेब हा शब्द शिकलेल्यांसाठी राखून ठेवतो. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि मॅनेजमेंटवाल्यांनाही हा शब्द प्रतिष्ठेचा वाटू लागला. लेथवर उभं राहणाऱ्याची मजुरी त्यानं वाढलेली मला तरी दिसली नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे. "तुझ्याकडे पैसे आहेत, म्हणून तुला माप परवडतं. ज्याच्याकडे नाहीत तो आहे त्यात भागवतो. त्याला नावं ठेवतोस?" नाही. आहे त्यात भागवणं ही काटकसर आहे, आणि काटकसरीला माप जास्त लागतं. ज्याच्याकडे एकच पत्रा आहे त्याला तो चुकीचा कापून चालत नाही. फळी, किचनचा काटा आणि फोन यांना मला एक रुपयाही लागला नाही. पैसे गेले ते न मोजता मागवलेल्या गोष्टींवर. बेफिकिरी हीच महागडी चैन आहे, आणि जुगाड हा शब्द तिला गरिबीचे कपडे घालून फिरवतो.

दुसरा आक्षेप: "छंद आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?"

तर हे कबूल करतो. मी इंजिनिअर आहे. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आम्ही चौघांनी विकत आणलं होतं. तयार मिळतं, रिपोर्टसकट. व्हर्निअरचं प्रॅक्टिकल सीनियरच्या जर्नलमधून उतरवलं होतं, रीडिंगसकट. टॉर्क म्हणजे काय हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. ५५ टर्नची मोटर ३५ टर्नपेक्षा हळू का फिरते आणि दगडावर तीच का बरी, हे मला पंचविशीनंतर, दोन शाफ्ट तोडल्यावर कळलं. आम्ही प्रोजेक्ट विकत आणलं त्यालाही तेव्हा सगळे कौतुकानं जुगाडच म्हणाले होते.

आणि एक पडदा. माझी एक लायपो बॅटरी फुगली होती. सेलचं व्होल्टेज तीनच्या खाली गेलेलं, चार्जर नकार देत होता. मी व्हिडिओ बघून चार्जरला फसवायची युक्ती केली, फुगवट्यावर टेप गुंडाळली, खिडकीपाशी चार्जिंगला लावली आणि चहा प्यायला खाली गेलो. वर आलो तेव्हा पडदा पेटला होता. खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं, हे नशीब. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे, गीझरच्या प्लगला अर्थिंग न देणारे, सगळे हीच युक्ती करत असतात. मोजणारं, थांबवणारं, नाही म्हणणारं जे काही मध्ये असतं, त्याला बाजूला सारायचं आणि त्याला हुशारी म्हणायचं.

म्हणून मी या छंदातल्या नव्या मुलामुलींना खरेदीची यादी देत नाही. एक वही घ्यायला सांगतो. एका वेळी एकच बदल करा. बदलाच्या आधी मोजा, नंतर मोजा, तारीख घाला. पुढच्या अ‍ॅक्सलला ३०-८चे गिअर आणि मागच्याला ३३-८चे घातले तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरतात. हे माझं ऐकून मानू नका, भागाकार करून बघा. मग तुमच्या दगडावर त्याचा फायदा होतो का ते बघा. होत नसेल तर काढून टाका आणि तेही वहीत लिहा. मला झाला नाही. मी काढून टाकले.

आणि टेकडीवर कुणाची अशी गाडी दिसली, एखाद्या गॅरेजात कुणी पत्रा वाकवताना दिसला, गल्लीतल्या मिक्सर दुरुस्तीवाल्यानं बंद पडलेलं आर्मेचर पुन्हा गुंडाळून दिलं, तर कौतुक जरूर करा. फक्त तो एक शब्द वापरू नका. त्याऐवजी एखादा प्रश्न विचारा. हे इतकंच का ठेवलं? आधी किती होतं? बहुतेक माणसं हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात, अर्धा तास सांगतात.

खाणीतला तो दगड अजून पूर्ण चढलेला नाही. वरून हातभर खाली एक कड आहे, तिथे मागचं डावं चाक सुटतं. वहीत त्याच्यापुढे मागच्या शॉकची लांबी लिहून ठेवलीय आणि पुढे प्रश्नचिन्ह. रविवारी फळी घेऊन बसणार आहे.