गड राखला, शेतं गेली



आफ्रिकेत लेसोथो नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या बासोथो लोकांचा एक पवित्र डोंगर आहे, थाबा बोसिऊ. म्हणजे रातीचा डोंगर. वर सपाट माळ, पाण्याचे झरे, भोवती कडा, चढायला मोजक्याच वाटा. १८२४ साली मोशोएशोए राजा आपली माणसं, गुरंढोरं घेऊन वर चढला. लढायांत घरदार गेलेल्या परक्यांनाही त्यानं आसरा दिला. कितीक फौजा आल्या, बोअर गोरेही आले. गड कुणालाच घेता आला नाही. राजा १८७० साली वारला. त्याची कबर वरच आहे. आजही लोक चढून जातात, कबरीपाशी उभे राहतात.

आपल्याला डोंगरदेव आहे, म्हणून हे आपल्याला लगेच कळतं. पण पुढचं नीट ऐका.

गड मिळेना, तेव्हा बोअरांनी खालची पिकं नासली, गुरं नेली. लोक उपाशी पडले. १८६६ साली राजाला तह कबूल करावा लागला. कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन गेली ती गेलीच. गड शाबूत, शेतं गेली.

आपल्याकडं दुसरं काय होतं? उभं पीक उपटतात, बैल धरून नेतात, मग कागद पुढं करतात. डोंगराला नारळ जरूर द्या. पण त्याच्या पायथ्याचा प्लॉट सोडू नका. अन् मीटिंगात वाचून घेतल्याबिगर कुठल्याच कागदावर अंगठा देऊ नका.

जिंदाबाद!