पाटावर बसवलेला पर्याय

लॅपटॉप माझा, खटाटोप चिरंजीवांचा. त्यात 'कोअरबूट' घालायचे होते. यंत्र चालू होताच त्याला जागे करणारी ही मुक्त आज्ञावली १९९९ साली लॉस अलामॉसला 'लिनक्सबायॉस' या नावाने जन्मली. तिच्या बांधणीत 'डिपेंड्स ऑन' म्हटले की अट पुरी झाल्याखेरीज तो पर्याय निवडताच येत नाही. 'सिलेक्ट' मात्र दुसऱ्या पर्यायाला, त्याच्या अटी न पाहता, ओढून पाटावर बसवतो! (लग्नाचीच उपमा सुचली, काय करणार?) चिरंजीवांनी असाच एक 'सिलेक्ट' लिहिला. अटी अपुऱ्या असल्याची सूचना आली.

"चालतं हो, बाबा!"

चिपवर चुकीचे चढले तर यंत्र उठायचे नाही, आणि माझी वर्षभराची टिपणे त्यातच. मी हात धरला. रात्री दीडला ती ओळ खोडली गेली.