धूर, आग आणि ओले सरपण

एका तालुक्यात ज्या गावांत वाचनालय आहे, तिथला दहावीचा निकाल वाचनालय नसलेल्या गावांपेक्षा चांगला लागतो. म्हणून गावोगावी वाचनालय काढले, तर तालुक्याचा निकाल सुधारेल. हा युक्तिवाद पुढीलपैकी कशामुळे सर्वांत कमकुवत होतो?

(अ) वाचनालय असलेल्या बहुतेक गावांत हायस्कूल गावातच आहे. बाकीच्या गावांतल्या मुलांना रोज दूरवर चालत जावे लागते. (आ) काही मुले वाचनालयात फक्त वर्तमानपत्र चाळतात. (इ) नवी वाचनालये काढण्याइतका निधी ग्रामपंचायतींकडे नाही. (ई) वाचनाने माणूस विचारी होतो.

प्रश्न नमुन्याचा आहे, पण घडण हुबेहूब स्पर्धा परीक्षांतली. व्यवस्थापन शिक्षणाच्या जीमॅटमध्ये, कायद्याच्या क्लॅटमध्ये, बँकांच्या परीक्षांमध्ये आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्ये असेच प्रश्न लाखो मुलामुलींसमोर येतात. घाईत (इ) बरोबर वाटतो, कारण पैशांची अडचण खरीच असते. पण ‘वाचनालये काढली, तर निकाल सुधारेल’ एवढाच दावा इथे आहे; ती काढता येतील की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही. (ई) कोणालाही पटेल, मात्र तो युक्तिवादाला धक्का लावत नाही. (आ) मधल्या ‘काही’ या शब्दातच त्याचा जोर संपतो. उरला (अ). चांगल्या निकालाचे श्रेय वाचनालयाऐवजी जवळच्या हायस्कूलचे असू शकते, हे तो दाखवतो आणि युक्तिवादाच्या पायाखालची वीट काढून घेतो.

ही वीट प्रश्नात छापलेली नसते. छापलेली असतात ती आधारविधाने आणि निष्कर्ष. त्या दोहोंना सांधणारे, पण न बोललेले विधान म्हणजे गृहीतक. वरच्या प्रश्नात ते असे आहे: निकालातल्या फरकाचे कारण वाचनालयच आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या ग्रंथात युक्तिवादाचे असेच भाग पाडून दाखवले. दावा, त्याचा पुरावा आणि पुराव्यावरून दाव्यापर्यंत जायला मुभा देणारे तत्त्व. माणसे पहिल्या दोन गोष्टींवर तावातावाने भांडतात, तिसरी सहसा तपासतच नाहीत. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतो.

गृहीतक हाती लागले का, हे पाहण्याची साधी रीत आहे. ते उलटे करून वाचायचे. ‘निकालातल्या फरकाचे कारण वाचनालय नाही’ असे म्हणताच वरचा युक्तिवाद कोसळतो, म्हणजे गृहीतक बरोबर सापडले. उलटे करूनही युक्तिवाद उभाच राहिला, तर ते विधान त्याला लागतच नव्हते.

अशा प्रश्नांचे वजन वाढते आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या जीमॅटच्या नव्या रूपातून व्याकरणावरचे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेले. भाषेच्या विभागात ४५ मिनिटांत सोडवायचे २३ प्रश्न असतात आणि ते सगळे उताऱ्याचे आकलन किंवा युक्तिवादाची चिकित्सा या दोनच प्रकारचे. अमेरिकेतल्या कायदा प्रवेशाच्या एलसॅटमधून ऑगस्ट २०२४ पासून ‘लॉजिक गेम्स’ नावाची कोडी गेली; आता गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन युक्तिवादांचेच आहेत. क्लॅटच्या १२० प्रश्नांत तर्काचे २२ ते २६ असतात, तेही उताऱ्यांवर आधारलेले. महाराष्ट्रात एमबीएच्या सीईटीतही तार्किक प्रश्नांचा मोठा वाटा आहे.

मराठी मुलांना हे सगळे परके वाटायचे काही कारण नाही. युक्तिवादातल्या अशा चुकांना आपल्या भाषेने केव्हाच नावे दिली आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फांदी तोडली असे कोणी म्हणत नाही. संस्कृतात याला ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणाचे नाते गृहीत धरणारे प्रश्न परीक्षेत वारंवार भेटतात, आणि ते सोडवायची किल्ली आजीच्या तोंडी होती.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही दुसरी किल्ली. एक शीत चेपून सगळा भात शिजला की नाही ते कळते, कारण तांदूळ एकच, भांडे एकच आणि आच सगळीकडे सारखी. हे गृहीतक खोटे ठरले की काय होते, ते अमेरिकेच्या १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार बाळगणारी माणसे हे त्या भाताचे शीत नव्हतेच. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवल्या, त्यांचा कौल न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. वीस लाख शिते चेपली, पण ती भलत्याच भांड्यातली होती.

तिसरा दाखला न्यायदर्शनातला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे नैयायिकांचे आवडते अनुमान. ते प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांत मांडले जाते. पण हेच अनुमान फिरवून ‘आग आहे, म्हणून धूर असेल’ असे म्हटले की नैयायिक लगेच थांबवतो. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओले लागते. या लपलेल्या अटीला न्यायात ‘उपाधी’ म्हणतात, आणि परीक्षेतले बरेच प्रश्न या ओल्या सरपणाच्या शोधाचेच असतात. ‘जे यशस्वी झाले ते पहाटे उठायचे, तेव्हा पहाटे उठाल तर यशस्वी व्हाल’ असे सांगणारा वक्ताही धूर आणि आग यांची अदलाबदलच करत असतो.

अशी अदलाबदल हुशार माणसेही करतात. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेले चार पत्त्यांचे कोडे प्रसिद्ध आहे. पत्त्यांवर इंग्रजी ए, के ही अक्षरे आणि ४, ७ हे अंक दिसतात. एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते, असा नियम. तो खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? ए आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तरी नियम मोडतो. बहुतेक लोक ए आणि ४ उलटतात. सुरुवातीच्या प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे शंभरात दहाही नव्हते. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी तेच कोडे वेगळ्या कपड्यांत विचारले. बीअर पिणाऱ्याचे वय १९ च्या वर हवे, असा नियम. समोर चार गिऱ्हाइकांचे चार पत्ते. आता जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना उत्तर जमले. तर्क तोच होता, फक्त गोष्ट ओळखीची झाली होती.

मराठी शिक्षणासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. आज ही चिकित्सा मराठी मुलांना पहिल्यांदा भेटते ती विसाव्या-बाविसाव्या वर्षी, क्लासच्या वर्गात, बहुधा इंग्रजीत आणि तीही युक्त्यांच्या रूपात. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ असे शब्द दिसले की तो पर्याय खोडा, ही त्यांतली सर्वांत लाडकी युक्ती. अनुमानाच्या प्रश्नात ती बऱ्याचदा उपयोगी पडते, कारण मर्यादित पुराव्यावरून टोकाचे विधान निघत नाही. मात्र प्रश्न युक्तिवाद कमकुवत करण्याचा असेल, तर जोरकस पर्यायच जास्त परिणाम करतो आणि तिथे ही युक्ती अचूक उत्तरावरच काट मारते. प्रश्नाचा प्रकार न ओळखता शब्द हेरणारा विद्यार्थी नशिबावर परीक्षा देतो. सीसॅटमध्ये प्रश्नाला अडीच गुण आणि चुकलेल्या उत्तराला एक-तृतीयांश कपात आहे. नशीब तिथे महाग पडते.

भाषेचा प्रश्न तर याहून जुना. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅट आणली आणि २०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीत हिंदी माध्यमाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. भाषांतर इतके बोजड, की युक्तिवाद समजण्याआधी वाक्य सोडवावे लागते, ही त्यांच्या मुख्य तक्रारींपैकी एक होती. २०१५ पासून हा पेपर ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा झाला. पुढे एमपीएससीनेही राज्यसेवा पूर्व परीक्षेत तीच वाट धरली. आंदोलन शमले, पण दुखणे उरले. पात्रतेसाठी असला तरी तो पेपर पार करावाच लागतो, आणि इंग्रजीत सुचलेला, मग मराठीत ओतलेला उतारा ‘जोपर्यंत’, ‘तरच’, ‘असे नव्हे की’ यांच्या जंजाळात मुलाची बुद्धी मोजत नाही. भाषांतरकाराची दमछाक मोजतो. ऊस आणि पाणी, एसटीचे वेळापत्रक, बाजार समितीतले भाव यांवर मुळातच मराठीत रचलेला उतारा तितकाच कठीण असू शकतो, शिवाय तो न्याय्यही असेल. मराठीत परीक्षा घेणाऱ्या आयोगाला हे आजही करता येईल.

शाळेत काय आहे? शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. त्यात संख्यामालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा, नातेसंबंध असतात. ते चांगलेच आहे, पण त्यातून माणसाचे म्हणणे तपासायची सवय लागत नाही. बालभारतीचे तर्कशास्त्राचे पुस्तक आहे, तेही मराठीत. मात्र अकरावी-बारावीला आणि ऐच्छिक. विज्ञान शाखेकडे गेलेल्या मुलाच्या हाती ते सहसा येत नाही. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली जाहिरातलेखन शिकवले जाते. सोळा वर्षांची मुलगी ‘शंभर टक्के निकालाची खात्री’ देणारी क्लासची जाहिरात लिहायला शिकते. त्या शंभर टक्क्यांत मध्येच क्लास सोडून गेलेली मुले मोजली होती का, हा प्रश्न तिला कोणी विचारायला शिकवत नाही.

नववी-दहावीच्या मराठीच्या तासात हे बसवायला नवा विषय नको, नवी पुस्तके नकोत, नवे शिक्षकही नकोत. जाहिरातलेखनाच्या शेजारी जाहिरातवाचन आणावे. आठवड्यातून एक तास वर्तमानपत्रातले एखादे वाचकाचे पत्र किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एखादा आरोग्याचा सल्ला फळ्यावर लिहावा, आणि मुलांनी निष्कर्षाखाली एक रेघ, आधारविधानांखाली दोन रेघा ओढाव्यात आणि न लिहिलेले गृहीतक स्वतःच्या शब्दांत लिहावे. मराठीच्या शिक्षकांनी येत्या सत्रात हा एक तास सुरू करावा आणि अभ्यास मंडळाने त्याला पाच गुण द्यावेत. पहिल्या दिवशी सुरुवात वाचनालयाच्या प्रश्नानेही करता येईल.