गाय, बूट आणि पत्रकार परिषद

मॅनेजर म्हटलं की आपल्यासारख्याच्या डोळ्यांसमोर बँकेतला मॅनेजर येतो. काचेच्या खोलीत बसलेला, चष्म्याच्या वरून बघणारा आणि "उद्या या" म्हणणारा. हा गृहस्थ आपल्या कॅशियरवर कितीही खवळला तरी आधी उठून खोलीचं दार लावून घेतो. आपल्याला काचेतून हातवारे तेवढे दिसतात. तो बाहेर येऊन रांगेतल्या लोकांना कधीही सांगत नाही की, "मंडळी, तीन नंबरच्या खिडकीवरच्या या इसमाचं हल्ली कामात लक्ष नाही, सबब माझ्या दृष्टीने तो संपला." सांगितलं असतं तर रांगेला मजा आली असती, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी तीन नंबरची खिडकी बंद आणि रांग पार जिन्यापर्यंत, हेही तितकंच खरं.

एवढी साधी गोष्ट बँकेच्या मॅनेजरला कळते आणि युरोपातल्या फुटबॉलच्या मॅनेजरला कळत नाही, हे माझं दुखणं आहे.

तुम्ही म्हणाल, यांचं काय जातं? माझं काहीच जात नाही. पण आमचे शेजारी सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेले आहेत आणि शनिवारी रात्री मॅच बघायला आमच्याकडे येतात. त्यांच्या घरच्या टीव्हीवर त्या वेळी सुनेचा ताबा असतो. त्यांचं मत असं, की खेळाडूला चारचौघांतच झापलं पाहिजे. "अहो, आठवड्याला लाखाच्या घरात पौंड घेतात लेकाचे! लोक तिकीट काढून येतात. लोकांना कळायला नको? पारदर्शकता म्हणून काही आहे की नाही?" पारदर्शकता हा शब्द ते अशा थाटात उच्चारतात की समोरच्याला आपली पासबुकं आठवावीत. हे मत एकट्या त्यांचं असतं तर मी चहा देऊन विषय बदलला असता. पण निम्मं जग याच मताचं आहे, आणि दुर्दैवाने त्या निम्म्यात बरेचसे मॅनेजरही आहेत.

मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर एरिक टेन हाग घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये आर्सेनलकडून 3-1 असा मार खाऊन हे गृहस्थ पत्रकारांसमोर बसले. कोणीतरी विचारलं, जेडन सांचो आज का नव्हता? हा सांचो 2021 साली तब्बल सात कोटी तीस लाख पौंड मोजून आणलेला. आता या प्रश्नाला जगातला कोणताही शहाणा माणूस काय उत्तर देईल? "जरा पोटरी धरलीय." विषय संपला. पोटरी ही परमेश्वराने मॅनेजर लोकांसाठीच निर्माण केलेली वस्तू आहे. ती दुखते की नाही हे तिच्या मालकाशिवाय कोणालाही सांगता येत नाही. पण टेन हागसाहेबांनी खरं सांगितलं! सरावातली त्याची कामगिरी बघून त्याला घेतलं नाही, म्हणाले. काही तासांतच सांचोने फोन उचलून साऱ्या दुनियेला कळवलं की हे साफ खोटं आहे आणि मला कधीपासून बळीचा बकरा केलंय.

झालं. पोरगा मुख्य संघापासून वेगळा, एकटाच सराव करू लागला. जानेवारी 2024 मध्ये त्याला उसनवारीवर जर्मनीत डॉर्टमुंडला धाडलं. मे महिन्यात हाच सांचो चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात पॅरिसच्या बचावपटूंना गरागरा फिरवत होता, आणि त्याचा संघ अंतिम सामन्यासाठी वेम्बलीला गेला. युनायटेड लीगमध्ये आठवी आली. आता चूक सांचोची की मॅनेजरची, ते मला ठाऊक नाही. असेलही पोरगा आळशी. पण ज्या घोड्याला आपणच बाजारात नेऊन "हा लंगडा आहे" असं ओरडलो, त्याला पुढे गिऱ्हाईक कुठून मिळायचं? हा हिशेब ऑडिटरसाहेबांच्या लक्षात येऊ नये याचं मला नवल वाटतं.

त्यात हा सामना बरोबरीचाही नसतो. मॅनेजरसमोर प्रत्येक मॅचच्या आधी आणि नंतर माईक मांडून ठेवलेला. खेळाडूच्या हातात स्वतःचा फोन आणि अंगठा. त्याने गप्प बसावं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बोलावं तर बेशिस्त.

"म्हणजे लोकांना खोटं सांगायचं?" इति ऑडिटरसाहेब.

अहो, सांगायचं! आपल्याकडे लग्नकार्यात काय करतो आपण? ऐन पंगतीच्या वेळी थोरले जावई रुसून गच्चीवर जाऊन बसतात. कारण काय, तर फोटोत त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. वधूपिता काय माईक हातात घेऊन "आमच्या थोरल्या जावयांचा स्वभाव पहिल्यापासूनच तिरसट" असं जाहीर करतो? तो म्हणतो, "त्यांना जरा पित्ताचा त्रास आहे." मांडवातल्या साडेतीनशे माणसांना पित्त म्हणजे काय ते बरोबर कळतं. पण तसं म्हटल्यामुळे जावयांना अर्ध्या तासाने खाली येऊन चार जिलब्या खायला वाट राहते. पित्त उतरू शकतं. तिरसट स्वभाव एकदा जाहीर झाला की मग तो उतरवायचा कोणी?

ही परत यायची वाट ठेवणं म्हणजेच मॅनेजरचं काम. रोबेर्तो मान्चिनीने ती बंद केली आणि मग स्वतःच भिंत फोडत बसला. सप्टेंबर 2011 मध्ये म्युनिकला मँचेस्टर सिटी हरत असताना कार्लोस तेवेज मैदानात उतरायला तयार झाला नाही, असं मान्चिनीचं म्हणणं. तेवेज म्हणतो, गैरसमज झाला. मान्चिनीने तिथल्या तिथे कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की माझ्याकडे हा माणूस संपला. काही आठवड्यांनी तेवेज अर्जेंटिनाला निघून गेला. पुढे मार्च उजाडला, विजेतेपद हातचं निसटायला लागलं, आणि संपलेला माणूस पुन्हा सुरू झाला. चेल्सीविरुद्ध उतरून त्याने विजयी गोलसाठी चेंडू पुरवला, एप्रिलमध्ये नॉरिचला तीन गोल ठोकले, आणि मे 2012 मध्ये सिटी केवळ गोलांच्या फरकाने लीग जिंकली. मान्चिनीला विजयाच्या मेजवानीत स्वतःचे शब्द तोंडी लावायला घ्यावे लागले असणार.

पण या सगळ्यांवर कडी केली ती फ्रान्सने. 2010 चा वर्ल्ड कप, दक्षिण आफ्रिका. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला निकोला अनेल्का आपले प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांना काहीतरी अर्वाच्य बोलला. हे झालं ड्रेसिंग रूममध्ये. ड्रेसिंग रूममध्ये घामेजलेली, चिडलेली तरुण पोरं काय सुभाषितं म्हणणार? तिथल्या तिथे त्याला बदली केलं, तेवढं पुरे होतं. पण दोन दिवसांनी 'लेकिप' या वर्तमानपत्राने ती शिवी पहिल्या पानावर ठळक टाइपात छापली. मग फ्रेंच फेडरेशनला शिस्तीची आठवण झाली. अनेल्काने जाहीर माफी मागावी! जाहीर माफी ही मागणाऱ्याला गोड आणि देणाऱ्याला एरंडेल. अनेल्का नाही म्हणाला. त्याला घरी पाठवलं.

पुढला अंक दुसऱ्या दिवशी नाय्झना गावी झाला. सराव लोकांना बघायला खुला ठेवलेला. खेळाडू आले, चाहत्यांना सह्या दिल्या, मग कप्तान पात्रीस एव्रा आणि व्यायामाचे प्रशिक्षक यांची मैदानातच खडाजंगी झाली. व्यायाममास्तर गळ्यातलं ओळखपत्र भिरकावून चालते झाले. संघ व्यवस्थापकाने उभ्या उभ्या राजीनामा दिला. आणि सगळा संघ जाऊन बसमध्ये बसला. पडदे ओढून! एस.टी.च्या संपात सुद्धा ड्रायव्हर-कंडक्टर बसच्या बाहेर बसतात. इथे संपकरी आत आणि साहेब बाहेर. खेळाडूंनी एक निवेदन लिहून काढलं होतं. अनेल्काला घालवल्याचा निषेध, फेडरेशनने आम्हाला सांभाळलं नाही वगैरे. ते जमलेल्या पत्रकारांना वाचून कोणी दाखवलं? दोमेनेकने! ज्याला शिवी दिली, त्यानेच शिवी देणाऱ्याच्या बाजूचा निषेध खणखणीत आवाजात वाचून दाखवला. गिरणीच्या मालकाने कामगारांचा लाल बावटा धरून गेटवर घोषणा द्याव्यात, असा तो देखावा होता.

फ्रान्स गटात शेवटची आली. तीन सामन्यांत एक गुण. खात्याच्या मंत्रीणबाईंनी खेळाडूंना बोलून घेतलं, थिएरी ऑन्रीला खुद्द राष्ट्राध्यक्षांची भेट घडली. अनेल्काला अठरा सामन्यांची बंदी, एव्राला पाचाची. एका मध्यंतरातल्या एका शिवीची ही वसुली. ऑडिटरसाहेबांना मी हा सगळा ताळेबंद वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "पण लोकांना कळलं ना?" कळलं! सगळ्या जगाला कळलं. सोय कोणाची झाली ते सांगा.

आता कोणी म्हणेल, चार भिंतींच्या आड सगळं गोडच असतं का? मुळीच नाही. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनसाहेबांच्या ओरडण्याला खेळाडूंनी केस वाळवायच्या यंत्राचं नाव दिलं होतं. फेब्रुवारी 2003 मध्ये आर्सेनलकडून घरच्या मैदानावर 2-0 हरल्यावर त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये जमिनीवर पडलेल्या बुटाला लाथ मारली, आणि तो बूट नेमका डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर बसला. बेकहॅम पुढे केस मागे बांधून असा हिंडला की जखम छायाचित्रकारांना विनासायास दिसावी. उन्हाळ्यात तो रेआल माद्रिदला गेला. बूट मारणं मला पसंत नाही. पण त्यावर साहेब बाहेर काय बोलले ते बघा. लाख वेळा प्रयत्न केला तरी तसा बूट मला पुन्हा मारता यायचा नाही. येत असता तर मी अजून खेळत राहिलो नसतो का, असं काहीसं म्हणाले. बेकहॅमच्या खेळाबद्दल किंवा स्वभावाबद्दल त्यात अक्षर नाही. जे काय हसू झालं ते स्वतःच्याच नेमबाजीचं.

आणि ऑक्टोबर 2010 मध्ये तर त्यांनी कमालच केली. वेन रूनी अडून बसला. नवा करार नको, क्लबला पुढे जायची इच्छा दिसत नाही, म्हणाला. साहेब पत्रकारांसमोर आले ते गुरकावत नाही, चक्क दुखावलेल्या बापासारखे. आमचं काय चुकलं तेच कळत नाही, दार अजून उघडं आहे, असा सूर. आणि त्याच आठवड्यात त्यांनी गायीची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या कुरणातली गाय आपल्या गायीपेक्षा बरी वाटते, प्रत्यक्षात ती तशी नसतेच कधी. सगळे पत्रकार गायीचा अर्थ लावण्यात गुंतले. दोन दिवसांत रूनीने पाच वर्षांचा करार केला. त्या मोसमात युनायटेड लीग जिंकली. बोलायचंच असेल तर माणसाने असं बोलावं. कॅमेऱ्यासमोर गायीचा विषय काढला की कोणाची अब्रू जात नाही. गाय वर्तमानपत्र वाचत नाही.

युर्गेन क्लॉपने गायीचाही आधार घेतला नाही. एप्रिल 2024 मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध सलाह मैदानाबाहेर बदली म्हणून उभा असताना दोघांची चांगलीच जुंपली. कॅमेऱ्याने ती टिपली. सलाह जाताना पत्रकारांना म्हणाला, मी बोललो तर आग लागेल. क्लॉपने सांगितलं, आम्ही आत बोललो, मिटलं. काय बोलले ते आजतागायत त्याने सांगितलेलं नाही. पुढच्याच सामन्यात सलाह पहिल्यापासून खेळला आणि त्याने गोल केला.

शिक्षा करू नका असं मी म्हणत नाही. बसवा ना बाकावर, कापा पगार, विकून टाका. डिसेंबर 2021 मध्ये आर्सेनलच्या आर्तेताने ओबामेयांगची कप्तानी काढून घेतली आणि पुढल्या दोन महिन्यांत तो बार्सिलोनाला गेलाही. शिस्तभंग एवढाच शब्द बाहेर आला. पत्रकारांना त्यावर पाच दिवसांचा मजकूर पुरवावा लागला नाही.

माझा खरा राग आहे तो जोझे मोरिन्योवर, आणि त्याबद्दल मला गंमत करता येत नाही. ल्यूक शॉ नावाचा पोरगा. 2015 मध्ये आइंडहोव्हनला त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. जवळजवळ वर्ष गेलं. परत आला तेव्हा नवा मॅनेजर मोरिन्यो. एप्रिल 2017 मध्ये एव्हर्टनविरुद्ध हा पोरगा उत्तरार्धात उतरला. शेवटच्या क्षणी त्याने मारलेला चेंडू समोरच्याने हाताने अडवला, त्यावर पेनल्टी मिळाली आणि सामना 1-1 सुटला. बरोबरी मिळवून देणाऱ्या या पोराबद्दल मोरिन्योने काय सांगावं? की तो चांगला खेळला, पण शरीर त्याचं आणि मेंदू माझा. बाजूने उभा राहून प्रत्येक निर्णय मीच घेत होतो. वय वर्षं एकवीस. आपल्या मुलाला शाळेत कोणी वर्गासमोर असं म्हटलं तर आपण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटू. इथे तो वर्ग जगभर पसरलेला, आणि टेबल मोरिन्योच्याच ताब्यात.

डिसेंबर 2018 मध्ये मोरिन्योला नारळ मिळाला. शॉ राहिला. 11 जुलै 2021 ला वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना होता. समोर इटली, आणि इटलीच्या बाकावर मॅनेजर कोण, तर आपले तेवेजवाले मान्चिनी. दोन मिनिटं व्हायच्या आत उजवीकडून चेंडू आला आणि शॉने तो वरच्या वर जाळ्यात मारला. पुढे पेनल्टींवर इटली जिंकली, ते जाऊ द्या. तो गोल कोणाच्या मेंदूने मारला याचा खुलासा मात्र, ऑडिटरसाहेब धरून, अद्याप कोणीही मागितलेला नाही.